फ्रंट लोड घेतलं आणि डोकं फिरलंय? आधी मागचा पाइप बघा

मंडळी, आमच्याकडे जळगावला बारा वर्षं टॉप लोड वॉशिंग मशीन होतं, वरून झाकण उघडा कपडे टाका बटण दाबा आणि विसरा, इतकं साधं. ते गेलं आणि मी कोणाचंच न ऐकता समोरून दार असलेलं फ्रंट लोड आणलं. पहिला महिना इतका वैताग आला की जुनंच रिपेअर केलं असतं तर बरं असं रोज वाटायचं. आता दोन वर्षं झाली, आमचं जमलंय. त्रास का होतो आणि काय करायचं ते सांगतो, कारण बसवायला येणारा पोरगा पंधरा मिनिटात पसार होतो आणि यातलं निम्मंसुद्धा सांगत नाही.

सगळ्यात मोठा घोळ पाइपचा. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोडला पाणी काढायला पंप नसतो, पाणी उताराने आपोआप जातं, म्हणून त्याचा पाइप मोरीत जमिनीवर टाकलेला असतो. आमचाही तसाच होता. नवीन मशीन आलं, पोराने जुना पाइप काढला आणि नवा बरोब्बर त्याच जागी मोरीत टाकून दिला. मशीन सुरू केलं, पाणी भरतंय, भरतंय, अर्धा तास झाला तरी भरतंयच, ड्रम फिरायचं नाव नाही. मी आपला काचेतून बघत बसलोय आणि मागे मोरीत बारीक धार सतत चालू. आई दारात येऊन म्हणाली, "बापू, हाई मशीन कपडा धोस का नुसतं पानी पेस?" तोवर वरची टाकी निम्मी झालेली, आणि त्या दिवशी नळाला पाणी यायचं नव्हतं.

झालं काय होतं तर ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीने डिझेल काढतात ना, एकदा तोंडाने ओढलं आणि नळी खाली धरली की मग ते आपोआप येतच राहतं, तेच. पाइपचं टोक ड्रममधल्या पाण्याच्या पातळीच्या खाली असेल तर एकीकडून भरणार दुसरीकडून निघून जाणार. म्हणून फ्रंट लोडचा पाइप मागच्या हुकात अडकवायचा आणि टोक जमिनीपासून साधारण दोन ते तीन फूट उंच ठेवायचं, मॅन्युअलमधे नेमका आकडा असतो. आम्ही भिंतीत दोन इंची पीव्हीसीचा उभा तुकडा बसवला आणि पाइपचं टोक त्यात वरून सोडलं. टोक घट्ट कोंबू नका, सिलिकॉन बिलिकॉन तर अजिबात लावू नका, बाजूने हवा जायला जागा पाहिजे. एवढं केलं आणि माझी अर्धी तक्रार तिथेच संपली.

दुसरं पाण्याचा दाब. आमचं मशीन वरच्या मजल्यावर गॅलरीत आणि टाकी बरोब्बर डोक्यावरच्या स्लॅबवर, म्हणजे उंचीचा फरक जेमतेम दोन मीटर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार असतो, त्या हिशोबाने आमच्याकडे ०.२ बार, आणि आमच्या मॅन्युअलमधे किमान ०.३ लिहिलंय. टॉप लोड बिचारं हळूहळू का होईना भरून घ्यायचं, हे थोडा वेळ वाट बघतं आणि एरर दाखवून बसतं. आधी नळाकडची आणि मशीनच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी काढून धुवा, गाळ तिथेच अडकतो, माझ्या जाळीत नखाएवढा काळा थर निघाला. तेवढ्याने भागलं नाही तर टाकी लोखंडी स्टँडवर चढवा नाहीतर लहान प्रेशर पंप बसवा. आम्ही टाकी चार फूट उचलली.

ट्रान्झिट बोल्टचं थोडक्यात. मागच्या बाजूला तीन किंवा चार लांब बोल्ट असतात, वाहतुकीत ड्रम आपटू नये म्हणून. ते काढल्याशिवाय मशीन चालवलं तर ते गॅलरीभर नाचतं. काढा, भोकांवर सोबतची टोपणं लावा आणि बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना परत लावावे लागतात. आमचे शेव-चिवड्याच्या रिकाम्या डब्यात आहेत.

बोल्ट काढूनही हलत असेल तर लेव्हल बघा. मोरी आणि गॅलरीला उतार असतोच, आणि हे मशीन मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांनी पिळतं त्यामुळे थोडाही डोल खपत नाही. समोरासमोरचे कोपरे तिरपे दाबून बघा, एखादा पाय अधांतरी असेल तर कळतं. पाय फिरवून टेकवा आणि वरचा नट घट्ट करा, हा नट लोक विसरतात आणि मग महिन्याभरात पुन्हा तेच. खाली पुठ्ठ्याची घडी सारू नका भो.

आता कपडे. टॉप लोडमधे एका बाजूला गोळा झाला की आपण झाकण उघडून हाताने पसरवायचो. इथे दार बंद, मशीन स्वतःच चार-पाच वेळा मागेपुढे फिरून जमवायचा प्रयत्न करतं आणि नाही जमलं तर तसंच ओलंचिंब सोडून देतं. एकटी जीन्स किंवा एकटं मोठं टॉवेल टाकलं की हे हमखास. सोबत तीन-चार लहान कपडे टाका. गोधडीचा नाद सोडा. श्रावणात कानबाईच्या सणाआधी आमच्याकडे घरातलं एकूणएक पांघरूण धुवायला निघतं, मी हौसेने जुन्या लुगड्यांची गोधडी आत कोंबली, तिने एवढं पाणी धरलं की मशीनने पिळायलाच नकार दिला. शेवटी मी आणि आईने दोन टोकं धरून मोरीत पिळली, ती त्यावर काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

बनियन बाहेर राहिली हे काचेचं दार लागल्यावरच आठवतं, हा नियमच आहे. पॉजचं बटण दाबून थांबा, पाणी काचेच्या खाली असेल आणि गरम नसेल तर बऱ्याच मशीनमधे दार उघडतं, नाहीतर बनियन पुढच्या खेपेला. धुऊन झाल्यावरही दार लगेच उघडत नाही. कुलपात एक छोटा तापणारा भाग असतो, तो गार व्हायला एक-दोन मिनिटं लागतात, मग टक्क आवाज येतो. तोपर्यंत ओढाओढ केली तर हँडल तुटतं.

पावडर. किराण्यातली साधी किंवा हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडमधे टाकलीत तर फेसच फेस, मग फेस जिरेपर्यंत मशीन थांबून राहतं आणि वेळ वाढत जातो. फ्रंट लोडचीच आणा. कप्प्यात दोन उभ्या रेघा असतात तिथे टाकायची, एक रेघवाला प्रीवॉशचा, म्हणजे मुख्य धुण्याआधीच्या धुण्याचा, आणि फुलाचं चित्र असलेला सॉफ्टनरचा. आमच्या मोठ्या वहिनी वर्षभर एक रेघवाल्यात पावडर टाकत होत्या आणि कपडे निघत नाहीत म्हणून मशीनला शिव्या देत होत्या.

बोअरचं पाणी असेल तर वेगळी काळजी. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसत असेल तर तोच थर आत हीटरवर बसतोय हे समजा. वाघूर धरणाचं पाणी आम्हाला त्यामानाने बरं पडतं पण ते रोज येत नाही, मग बोअर आहेच. मी दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममधे १०० ग्रॅम लिंबूसत्व टाकून ६० अंशावर चालवतो, तुमच्या मॅन्युअलमधे मनाई नाही ना ते आधी बघा. त्याच खेपेला ब्लीच टाकायचं नाही म्हणजे नाही, दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू सुटतो.

वास येतो ही तर सगळ्यांची तक्रार. दाराभोवती राखाडी रबर असतं, त्याची खालची घडी बोटाने उघडून बघा. माझ्या घडीत काळपट चिखल, दोन रुपयाचं नाणं आणि चार सरक्या निघाल्या, कपाशी वेचणीच्या दिवसात शेतात गेलो होतो तेव्हा खिशात आलेल्या. शेवटची खेप झाली की फडक्याने ती घडी पुसायची, दार आणि पावडरचा कप्पा उघडा ठेवायचा, घरात लहान पोरं असतील तर लक्ष ठेवून. महिन्यातून एकदा खालच्या कोपऱ्यातला फिल्टर काढा, आधी प्लग काढून, आणि आतलं पाणी बाहेर येतं म्हणून खाली ताट नको, परात ठेवा.

केळीचा चीक. केळी पिकवणारे रावेर-यावलकडचे लोक हसतील, पण मला खरंच वाटलं होतं गरम पाण्याच्या मशीनने तो जाईल. नाही जात. चीक लागताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी होतो आणि मग ६० अंशाचं पाणीही त्याला काही करत नाही. लागल्या लागल्या धुतला तर थोडाफार निघतो, बाकी बागेचे कपडे वेगळेच ठेवा.

आणि मे महिन्यात 'थंड पाणी' या बटणावर विश्वास ठेवू नका. हीटर पाणी तापवतो, गार करत नाही, आणि आपल्या उन्हात दुपारी टाकीतलं पाणी हात भाजेल असं असतं. रंग सोडणारे कपडे सकाळी सहाला लावा.

वेळेचं काय करणार. कॉटनचा प्रोग्रॅम दोन तासांच्या वर जातो. आईचं यावरचं मत ठरलेलं आहे, "इतला येळमा मी नदीवरथीन धुई येसू." रोजच्या घामाच्या कपड्यांना अर्ध्या तासाचा प्रोग्रॅम पुरतो, अर्धाच ड्रम भरून, हे मला सहा महिन्यांनी कळलं. मधेच लाइट गेली तर घाबरू नका, बहुतेक मशीन लाइट आल्यावर तिथून पुढे सुरू होतात, आणि फारच वेळ झाला तर बऱ्याच मशीनना फिल्टरजवळ बारीक नळी असते तिने परातीत पाणी काढता येतं. पाणी गरम असेल तर आधी निवू द्या.

मग एवढं सगळं करून हे मशीन ठेवलं कशासाठी? पाण्यासाठी. एकदा पाइपचं पाणी बादल्यांमधे धरून बघितलं, पंधरा लिटरची बादली, चार भरल्या. जुन्या मशीनला आठ-नऊ लागायच्या. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात हा फरक मोठा आहे. पण टाकी बुटकी असेल, दर वर्षी भाड्याचं घर बदलत असाल किंवा लाइटचा भरवसा नसेल तर टॉप लोडच घ्या, आणि शेतातले कपडे जास्त असतील तर सेमी-ऑटोमॅटिक. गावी आमच्याकडे सेमीच आहे, बादलीने पाणी ओतलं तरी चालतं, एकाच साबणाच्या पाण्यात दोन खेपा निघतात. त्याचा पाइप मोरीत जमिनीवर पडलेला असतो आणि त्याला काही होत नाही.