तुमची टीम कुठली? धंद्याच्या विम्यात या चुका टाळा

गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये शिरलो की मी आधी मशीन बघत नाही, कोण कुणाशी कसं बोलतंय ते बघतो. पेठांच्या तालीम मंडळांचा फुटबॉल बघत कोल्हापुरात वाढलेल्या माणसाची ही खोड आहे. वीस वर्षं धंद्याचे विमे उतरवतोय आणि आता खात्री झालीय, की प्रत्येक धंदा एखाद्या टीमसारखा चालतो आणि प्रत्येक टीमची चूक ठरलेली असते. टेनिस बॉलवाला जिथे आउट होतो तिथे तालमीचा संघ कधीच अडकत नाही. तो गोल दुसरीकडूनच खातो.

टेनिस बॉलची टीम

बॅट ज्याची तोच कॅप्टन, ओपनिंगला तोच, अंपायरशी भांडायलाही तोच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे गाळे गल्लोगल्ली सापडतील. मालक सकाळी कुलूप काढतो, स्वतः लेथवर उभा राहतो, रात्री बिलं करतो. विमा कर्जासोबत निघालेला, कागद बँकेच्या फायलीत. रक्कम वाढवा म्हटलं की उत्तर तयार असतं: "पन्नास लाखाचा हाय की. आग लागली म्हणून सगळंच थोडं जळतंय?"

सगळ्यांत महाग पडते ती हीच चूक. समजा, गाळ्यात ८० लाखांचा माल आहे, विमा ५० लाखांचा आणि आगीत १६ लाखांचा माल गेला. मालक म्हणणार, १६ तर ५० च्या आतच आहेत, सगळे मिळतील. कंपनी म्हणणार, ८० पैकी ५० ची जबाबदारी आमची, उरलेल्या ३० ची तुम्ही स्वतःच घेतलीत. त्याच प्रमाणात नुकसानही वाटून घ्यायचं. म्हणजे हातात १० लाख, आणि पॉलिसीतली ठरलेली वजावट त्यातूनही जाणार.

१ एप्रिल २०२१ पासून थोडी सवलत आहे. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि त्यावर ५० कोटींपर्यंत 'भारत लघु उद्यम सुरक्षा', या दोन्ही पॉलिसींत विमा कमी उतरवल्याची १५ टक्क्यांपर्यंतची तूट धरत नाहीत. याच गाळ्याचा विमा ७० लाखांचा असता तर तूट साडेबारा टक्के झाली असती आणि प्रमाणाची कात्री लागलीच नसती. थोड्या जादा हप्त्याचा प्रश्न होता.

याच टीमची दुसरी खोड म्हणजे दोन तोंडांनी बोलणं. सीसी लिमिट, म्हणजे मालावर मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा, टिकावी म्हणून बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल फुगवायचा आणि हप्ता वाचावा म्हणून विम्यात तोच माल आटवायचा. आग लागल्यावर नुकसान मोजायला येणारा सर्व्हेअर स्टॉक स्टेटमेंट, जीएसटीचे रिटर्न आणि खरेदीची बिलं एकाच टेबलावर मांडतो. बँकेला दाखवलेला आकडाच तुमच्या मालाची किंमत म्हणून पुढे आला, तर वरचं गणित आणखी बिघडतं. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या महिन्यात एक दुपार काढा. वर्षात माल सर्वांत जास्त कधी होता तो आकडा धरा, आणि मशीन आज नवं घ्यायचं तर केवढ्याला पडेल ते विचारून घ्या. मध्येच मोठी ऑर्डर आली तर वर्ष संपायची वाट बघू नका. एंडॉर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत दुरुस्ती, करून रक्कम वाढवून मिळते.

एकाच चढाईपटूवरची कबड्डी टीम

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली एखादी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, डोळ्यांसमोर आणा. सगळा धंदा एका फर्नेसवर, म्हणजे धातू वितळवायच्या भट्टीवर. कबड्डीत चढाईपटू बाद झाला तर बाकीचे गुण मिळवून त्याला परत आत आणतात. इथे फर्नेस बसली की बाकीचे सगळे मैदानाबाहेर.

या मालकाकडे आगीची पॉलिसी चोख असते, पण तिचा अर्थ तो वेगळाच लावतो. मशीन आतून बिघडलं तर आगीची पॉलिसी पैसे देत नाही. शॉर्टसर्किट होऊन एखादं यंत्र जळालं आणि आग शेजारी पसरली, तर शेजारच्या नुकसानीचे मिळतात, मूळ यंत्राचे नाहीत. त्यासाठी मशिनरी ब्रेकडाउनची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. शेड तीन महिने बंद राहिली तर पगार, बँकेचं व्याज आणि बुडालेला नफा कोण देणार? ते काम लॉस ऑफ प्रॉफिटच्या पॉलिसीचं. ती घेतानाही मुदत अंदाजाने टाकू नका. नवं मशीन मागवून, बसवून, पहिला चांगला माल बाहेर पडेपर्यंत किती महिने जातात ते सप्लायरला विचारा.

एक गैरसमज २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी जवळून पाहिला. पंचगंगेच्या पुराचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक कित्येक दिवस बंद. एका कारखान्यात पाण्याचा थेंब शिरला नव्हता, पण कच्चा माल येईना आणि तयार माल जाईना. मालकाने लॉस ऑफ प्रॉफिट घेतलेली, त्यामुळे तो निर्धास्त. ही पॉलिसी मुळात विमा उतरवलेल्या मालमत्तेचं नुकसान झालं तरच जागी होते. रस्ता बंद पडल्याचं संरक्षण हवं असेल तर ते आधी मागून, लिहून घ्यावं लागतं. त्याने मला विचारलं, "हे तुम्ही तेव्हा का सांगितलं नाही?" प्रश्न रास्त होता. सगळ्या टीमना एकच फील्डिंग लावायची सवय आम्हा विमावाल्यांनाही असते.

तालमीचा संघ

पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा दोन तालमींचा फुटबॉल सामना कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ज्याने पाहिलाय, त्याला घराणेबाज धंदा समजावून सांगावा लागत नाही. आजोबांचं नाव, तीन भाऊ, चुलत्याची पोरं, सगळे एका जर्सीत. टीम म्हणून भक्कम. कागदावर मात्र त्याच शेडमध्ये तीन फर्म असतात: थोरल्याची भागीदारी, धाकट्याची स्वतःची आणि एक वहिनींच्या नावाची. माल एकाचा, मशीन दुसऱ्याचं, पॉलिसी तिसऱ्याच्या नावावर. "सगळं एकच हाय हो आमचं," हे घरी खरं असतं, क्लेमच्या टेबलावर चालत नाही. जी वस्तू गेली ती पॉलिसीत ज्याचं नाव आहे त्याची होती का, हे विचारलं जाणारच. मालाची बिलं ज्याच्या नावाची, त्याचं नाव पॉलिसीत हवं. गावाबाहेर नवं गोडाऊन घेतलं असेल तर त्याचा पत्ताही हवा. भाचा सांभाळतोय म्हणून ते आपोआप विम्यात येत नाही.

या टीमला ओळखीचाही फार भरवसा. "हप्ता पुढच्या आठवड्यात देतो, तू पॉलिसी काढ." विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता आधी पोचल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊच शकत नाही. चेक परत आला तर संरक्षणही गेलं, एजंट सख्खा मामा असला तरी.

खो-खोची टीम

यंत्रमागांच्या इचलकरंजीत सूत एकाकडून दुसऱ्याकडे खो मिळाल्यासारखं पळतं: सायझिंग (सुताला खळ), लूम (माग), प्रोसेस (कापडावरची प्रक्रिया). ज्या क्षणी आग लागते त्या क्षणी तुमच्या छपराखाली दुसऱ्याचा माल किती होता, हाच प्रश्न उरतो. जॉबवर्कला आलेला परका माल पॉलिसीत वेगळा लिहून घ्या. रस्त्यावरच्या मालासाठी ट्रान्झिटची पॉलिसी बघा. टेम्पोचा विमा टेम्पोचा असतो, आतल्या सुताचा नव्हे.

नुकसान होऊन गेलं असेल तर

इथे सगळ्या टीम सारख्याच घाबरतात आणि सारखीच चूक करतात: जागा साफ करून टाकतात. कंपनीला लगेच कळवा, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला घ्या, चोरी असेल तर पोलिसांत जा. नुकसान आणखी वाढू नये इतपत आवराआवर जरूर करा, पण आधी फोटो काढा. भिजलेला किंवा जळका माल सर्व्हेअर बघेपर्यंत भंगारात घालू नका, त्याचीही किंमत हिशेबात धरतात.

२०२१ च्या जुलैत पूर ओसरल्यावर एका दुकानात गेलो होतो. गुडघाभर चिखल. मालकीणबाईंनी भिजलेली खोकी भिंतीकडेला रांगेत लावून प्रत्येकावर खडूने नंबर टाकले होते. कोरड्या वहीत त्याच नंबरांची यादी, बिलाच्या तारखेसकट. सर्व्हेअरने वही चाळली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बाई, माझं काम तुम्हीच केलंय. आता सही कुठं करू तेवढं सांगा."