एम-थ्रीच्या वर्णपटातून चंद्रावरची खनिजे कशी ओळखावीत

चांद्रयान-१ वरच्या नासाच्या एम-थ्री (मून मिनरॉलॉजी मॅपर) उपकरणाने २००८-०९ मध्ये ०.४३ ते ३ मायक्रॉन तरंगलांबीत चंद्राचे वर्णपट घेतले, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परावर्तित होतो याचे आलेख. ते नासाच्या पीडीएस (प्लॅनेटरी डेटा सिस्टिम) संग्रहात मोफत मिळतात. सुरुवात ग्लोबल मोडपासून करा: ८५ चॅनेल (तरंगलांबीचे पट्टे), आणि यान १०० किमीवर असताना पिक्सेल सुमारे १४० मीटरचा. मे २००९ मध्ये कक्षा २०० किमीवर नेली, तिथून पिक्सेल दुप्पट मोठा झाला. पर्याय असेल तर आधीच्याच फाइली घ्या.

लेव्हल-२ (प्रक्रियेचा पुढचा टप्पा) मधली परावर्तनाची ‘आरएफएल’ फाइल उतरवा आणि तिच्याच जोडीची लेव्हल-१बी मधली ‘एलओसी’ही. परावर्तनाची फाइल नकाशावर बसवलेली नसते. अक्षांश-रेखांश ‘एलओसी’तच असतात.

जागा नीट निवडली की निम्मे काम झाले. सौर वारा आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने जुनी माती काळवंडते, खनिजांच्या खुणा पुसट होतात. म्हणून लहान ताज्या विवरांचे काठ, तीव्र उतार, मोठ्या विवरांच्या मधोमधची मध्यशिखरे पाहा. सावली टाळा. एकट्या पिक्सेलवर विसंबू नका, ३×३ ची सरासरी घ्या.

काळवंडलेल्या मातीचा वर्णपट लांब तरंगांकडे चढत जातो आणि त्या चढणीत शोषणाचे खळगे (खनिजाने प्रकाश शोषल्याने आलेखात पडणारे खोलगट भाग) तिरके होतात. खळग्याच्या दोन्ही खांद्यांवर, १ मायक्रॉनच्या खळग्यासाठी साधारण ०.७५ आणि १.५ वर, सरळ रेषा टेकवा आणि परावर्तनाला तिने भागा. रेषेवर ०.१५ आणि तळाशी ०.१२ असेल, तर खोली १ − ०.१२/०.१५, म्हणजे २० टक्के.

आता ओळख. १ आणि २ मायक्रॉन, दोन्हीकडे खळगा असेल तर पायरॉक्सिन. कॅल्शियम वाढले की दोन्ही तळ लांब तरंगांकडे सरकतात. १.०५ च्या आसपास रुंद खळगा आणि २ वर काहीच नाही, हे ऑलिव्हिन. कोपर्निकस विवराच्या मध्यशिखरांवर ते दिसते. फक्त २ वर ठळक खळगा, तर स्पिनेल, जसे मॉस्कोव्हिएन्से खोऱ्यात. १.२५ जवळचा उथळ खळगा स्फटिकरूप प्लॅजिओक्लेजचा. तो नसला म्हणून प्लॅजिओक्लेज नाही असे धरू नका, कारण आघाताने ही खूण नाहीशी होते.

सर्वात जास्त फसगत होते ती २.८ ते ३ मायक्रॉनमधल्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि पाण्याच्या खुणेत. दुपारी तापलेली जमीन स्वतःच या तरंगांत उष्णता सोडते आणि खळगा भरून काढते. म्हणजे दुपारी खूण फिकी दिसली तरी पाणी उडून गेले असे ठरत नाही. लेव्हल-२ मध्ये उष्णतेची वजावट केलेली असते, पण तप्त भागात ती अपुरी पडते. दोन ठिकाणांची तुलना करायचीच तर लेव्हल-१बी मधल्या ‘ओबीएस’ (निरीक्षणाच्या कोनांची) फाइलमधून सूर्याचा कोन काढा आणि जवळपास सारख्या कोनाचीच जोडी घ्या.