कमी बजेटमध्ये टायर घेताय? या चुका टाळा

"टायर बदलायचेत, पैसे बेताचे आहेत, कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, जुने कसे झिजलेत? "कसे म्हणजे? झिजलेत!" हे ठरलेलं उत्तर येतं.

जुना टायर निघाला की आधी तो नीट बघा. दोन्ही कडा गेल्यात आणि मधली नक्षी शाबूत आहे, तर हवा सतत कमी होती. फक्त मधोमध टक्कल पडलंय, तर हवा जास्त भरली जात होती. आतली किंवा बाहेरची एकच कड खाल्लीय, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, गेलंय किंवा काहीतरी ढिलं झालंय. जागोजागी खळगे असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासा. हे न बघता नवा टायर चढवला तर तोही तसाच खाल्ला जाणार.

माझ्या मावसभावाने चार टायर घेतले, चांगल्या कंपनीचे, भरपूर घासाघीस करून. अलाइनमेंटला मात्र "गाडी सरळच चालतेय की" म्हणून नाही म्हणाला. वर्ष व्हायच्या आत पुढून घुंघुं आवाज येतोय म्हणून गाडी घेऊन आला. बाहेरून नक्षी झकास. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या कडेवर जपून हात फिरवला, तर रबर गुळगुळीत आणि एका जागी बोटाला तार टोचली. टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, ढिला होता. पुढचे दोन्ही टायर भंगारात गेले. जुन्या टायरांवर हे आधीच दिसलं असतं, पण ते तो न बघताच दुकानात टाकून आला होता. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे मसाला वाचवायला गेला आणि कोंबडीच गेली.

आता सेकंडहँड टायर. घेऊच नका असं मी म्हणणार नाही, पण काळंभोर पॉलिश बघून भुलणाऱ्यांची मला कीव येते. टायरवर चार आकडी तारीख असते. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. ती बऱ्याचदा एकाच बाजूला असते आणि नेमकी तीच बाजू भिंतीकडे करून ठेवलेली असते. टायर उलटवायला सांगा. टायर कंपन्या साधारणपणे 5 वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करा आणि 10 वर्षांनी नक्षी कितीही उरली तरी टायर काढा, असं सांगतात. मी स्वतः चार वर्षांपुढचा सेकंडहँड टायर हातात घेत नाही.

मग खाचांमध्ये बघा. तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की 1.6 मिमी उरली, म्हणजे टायर संपला. खाच खोल दिसतेय पण पट्टी मधूनच कापली गेलीय, तर झिजलेल्या टायरवर नक्षी पुन्हा कोरलीय. तिथून सरळ निघा. टायर रिमवरून उतरवून आतून पण बघायचा. बाजूच्या भिंतीला पॅच असेल किंवा फुगवटा असेल, तर फुकट दिला तरी नको.

दोनच टायर परवडत असतील तर नवे मागे टाका, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवणारी, असली तरी. यावर लोक माझ्याशी भांडतात. ओल्या रस्त्यावर पुढचे घसरले तर गाडी वळत नाही, पण वेग कमी केला की बहुतेकदा हाताशी येते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि काही सुचायच्या आत खेळ संपतो. फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी मात्र जोडी बदलण्याआधी गाडीचं मॅन्युअल बघावं. काही गाड्यांना चारही टायर सारखेच झिजलेले लागतात.

साइझमध्ये हुशारी नको. टायरवर 185/65 आर15 88एच असं लिहिलेलं असेल तर 185/65 आर15 हा साइझ आणि पुढचा 88 म्हणजे एका टायरला 560 किलो वजन पेलतं. स्वस्त पडतो म्हणून 82चा घेतलात तर 475च. एच हे अक्षर वेगाच्या मर्यादेचं, म्हणजे ताशी 210 किमी. कंपनीने दिलेल्यापेक्षा दोन्हींतलं काहीही खाली नेऊ नका.

टायरच्या भिंतीवर लिहिलेला हवेचा आकडा कमाल असतो. भरायचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर.

भाव विचारताना फिटिंग, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), नवे व्हॉल्व आणि अलाइनमेंट धरून एकच आकडा मागा. स्वस्त सांगणारा दुकानदार तिथेच महाग पडतो. आणि तार दिसेपर्यंत थांबून दुकानात धावू नका. घाईतल्या गिऱ्हाइकाला कोण कशाला सवलत देईल? नक्षी 3 मिमीवर आली की मी भाव काढायला लागतो, म्हणजे मनासारखा सौदा मिळेपर्यंत थांबता येतं.

नवे टायर बसल्यावर 50-100 किमीनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. आणि पहिले 200-300 किमी जोरात ब्रेक मारत, वळणं कापत जाऊ नका, कोऱ्या रबराला तितकी पकड नसते.