घाबरलेल्या माणसाचा जबाब: या चुका टाळा

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले चालवताना तोच प्रकार पुन्हा पुन्हा समोर येतो. गुन्हा खरा असतो, फिर्यादी खरं बोलत असतो, आणि तरी उलटतपासात खटला कोसळतो. कारण शोधत मागे गेलं की बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतली चौकशीच सापडते. हे त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पीएसआयसाठी लिहितेय, नव्या वकिलांसाठी लिहितेय, आणि घरातल्या कुणाला घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आलेल्यांसाठीही.

ओळख परेडीआधी मोबाइलवर फोटो दाखवणं

या एका चुकीची मला सर्वात जास्त चीड येते.

गंगापूर रोडला संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका बाईंचं मंगळसूत्र दुचाकीवरच्या दोघांनी ओढलं. मागे बसलेल्याच्या हातात चाकू होता. पहिल्या जबाबात बाईंनी चाकूचं वर्णन चोख केलं: पिवळी मूठ, पात्यावर गंज. चेहऱ्याबद्दल त्या म्हणाल्या, "नीट बघितला नाही." हे अगदी खरं उत्तर होतं. धोका समोर असला की नजर त्यावरच खिळते आणि बाजूचं फारसं काही मनात शिरतच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये लोकांच्या नजरेची हालचाल मोजून हे दाखवलं. चित्रातल्या गिऱ्हाइकाच्या हातात चेक असला की त्याचा चेहरा जास्त जणांना ओळखता यायचा, बंदूक असली की ओळख जास्त चुकायची. तीही नुसत्या चित्रातली बंदूक.

तिसऱ्या दिवशी तपासी अंमलदाराने बाईंपुढे मोबाइल धरला. "ताई, हाच ना?" बाई म्हणाल्या, "असेल." पुढे ओळख परेड झाली, म्हणजे संशयिताला इतरांबरोबर रांगेत उभं करून बाईंना ओळखायला सांगितलं, नायब तहसीलदारांसमोर, कागदोपत्री सगळं नियमाप्रमाणे. बाईंनी त्या मुलाला क्षणात ओळखलं. कोर्टात त्या म्हणाल्या, "हा चेहरा मी जन्मात विसरणार नाही." मी आरोपीच्या बाजूने उभी होते. मुलगा त्या संध्याकाळी सिन्नरच्या एका कंपनीत सेकंड शिफ्टला होता, गेटवरच्या पंचिंगची नोंद होती. तो सुटला, पण वर्षभराहून जास्त काळ आत काढून. खरा चोर कधीच मिळाला नाही.

निकालानंतर कोर्टाच्या व्हरांड्यात त्या बाईंनी मला थांबवलं. "मग माझ्या डोळ्यांसमोर येतो तो कोण?" त्यांनी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना दिसत होता तो मोबाइलवरचा चेहरा. रिकाम्या जागी तो जाऊन बसला होता आणि त्या संध्याकाळच्या भीतीने त्याला घट्ट धरून ठेवलं होतं.

"साक्षीदार किती ठाम आहे बघा" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी आणखी एक दाखला. अमेरिकेत पाचशेहून जास्त सैनिकांना प्रशिक्षणाचा भाग म्हणून युद्धकैद्यांच्या खोट्या छावणीत ठेवून त्यांची चौकशी केली गेली. त्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. शारीरिक धाक दाखवणाऱ्या चौकशी अधिकाऱ्याला प्रत्यक्ष परेडीत बरोबर ओळखणारे निघाले फक्त ३० टक्के. धाक नसलेल्या चौकशीत हेच प्रमाण ६२ टक्के होतं. ही माणसं धडधाकट सैनिक होती आणि तो चेहरा त्यांनी समोरासमोर, बराच वेळ पाहिला होता. मग काही सेकंदांत मंगळसूत्र गमावलेल्या बाईंकडून आपण काय अपेक्षा ठेवतो?

माझा उलटतपासातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: परेडीआधी कुणी फोटो दाखवला होता का? अंमलदारांना माझं कळकळीचं सांगणं, आधी वर्णन लिहून घ्या आणि "चेहरा पाहिला नाही" हे वाक्य जसंच्या तसं जबाबात येऊ द्या. त्या वाक्याने केस कमजोर होते असं वाटतं, म्हणून ते गाळलं जातं. केस खरी कमजोर होते ती ते गाळल्यामुळे. साक्षीदाराच्या घरच्यांनो, असा फोटो पुढे आला तर बघायला नकार द्या.

दरडावलं की आठवतं, हा समज

"नीट आठव! आता आठवतंय की नाही?" हे आरोपीला तर म्हणतातच, साक्षीदारालाही म्हणतात. आता मेंदूत काय होतं ते बघा. घटनेच्या वेळच्या भीतीने मुख्य गोष्ट खोल कोरली जाऊ शकते. पण आठवायच्या वेळी माणूस पुन्हा घाबरला की कॉर्टिसोल हे तणावाचं संप्रेरक वाढतं आणि साठवलेलंही नीट बाहेर येत नाही. दरडावून तुम्ही दार लावून घेता. बाहेर येतात ते शब्द असतात, समोरच्याचा आवाज खाली यावा म्हणून बोललेले.

हे फार लांबपर्यंत जाऊ शकतं. आइसलँडमध्ये १९७४ साली दोन माणसं बेपत्ता झाली. प्रेतं आजवर सापडलेली नाहीत. सहा तरुणांना शिक्षा झाल्या, त्या कबुलीजबाबांवर. त्यांतल्या एकाने सहाशेहून जास्त दिवस एकांतकोठडीत काढले. आपल्याला आठवत नाही म्हणजे आपण विसरलो असू, केलं असेलच, असं त्यांच्यातल्या काहींना खरोखर वाटायला लागलं होतं. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच जणांना निर्दोष ठरवलं. स्वतःच्या स्मृतीवरचा विश्वास उडण्याच्या या अवस्थेचं वर्णन मानसशास्त्रज्ञ गिस्ली गुडजॉन्सन आणि मनोविकारतज्ज्ञ जेम्स मॅकीथ यांनी १९८२ मध्येच करून ठेवलं होतं.

आपल्या कायद्याला हा धोका फार आधी कळलाय. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात २३ आहे. त्याने सांगितल्यावरून वस्तू सापडली तर त्या सापडण्याशी संबंधित तेवढाच भाग चालतो. मग पट्टा काढून मिळतं काय? घाईला आलेल्या माणसाला शॉर्टकट वाटतो, आणि खरा तपास तिथेच थांबतो. घरच्यांचाही आग्रह असतो, "नार्को करा, सगळं ओकेल." संमतीशिवाय नार्को करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात सांगितलंय. आणि औषधाच्या गुंगीत माणूस कल्पनाही तितक्याच सहज बोलतो.

बाकीच्या, थोडक्यात

प्रश्नातच उत्तर घालू नका. "लाल पल्सर होती ना?" विचारलं की पल्सर लालच होते.

चार साक्षीदारांचे जबाब शब्दशः सारखे, "सदर इसम" सकट. टंकलेखनाचे कष्ट वाचले, चारही साक्षीदार गेले.

नव्या वकिलांनो, एक ओमिशन, म्हणजे पोलिसांपुढच्या जबाबात राहून गेलेली गोष्ट, सापडलं की साक्षीदार खोटारडा, हा उतावळेपणा सोडा. घाबरलेला माणूस घटनांचा क्रम चुकवतो, दोन मिनिटांची दहा मिनिटं सांगतो. मुख्य गोष्टीवर तो कुठे उभा आहे ते बघा. उलट पहिल्या जबाबात काहीच नाही आणि सहा महिन्यांनी सगळं लख्ख आठवतंय, तिथे खोदा.

बाईमाणसाला, साठीच्या वरच्यांना आणि तीव्र आजार असलेल्या माणसाला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ आहे, अंमलदाराला घरी यायला सांगा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत माणूस शांत बसतो आणि बरंच जास्त सांगतो. जबाबाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करता येतं, ते मागा.

माझ्याकडे येणाऱ्या साक्षीदाराला मी आधी पाणी देते आणि डोळे मिटून जागा आठवायला सांगते: ऊन कुठून येत होतं, कसला वास होता, कुठला आवाज. मग सलग बोलू देते, मध्ये एकही प्रश्न नाही. गुन्हा ताजा असेल तर फिर्याद लगेच द्यावी, तिला उशीर नको. पण त्याच रात्री, शेजाऱ्यांशी आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलण्याआधी, जे आठवतं ते स्वतःच्या हाताने वहीत लिहायचं, तारीख-वेळ घालायची, आणि जे आठवत नाही तेही लिहायचं.