दिवाळीत फॅमिलीसोबत सिंगापूरला जाताय? मग हे वाचाच

पहिलं म्हणजे व्हिसा, तो शेवटच्या आठवड्यावर अजिबात ढकलू नका, दिवाळीच्या सुट्टीत सगळेच निघतात. शिवाय पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापूरमध्ये प्रवेशासाठीचा फॉर्म) ऑनलाइन भरायचं, ते फ्री असतं, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका.

आता फराळ. चकली डब्यात वर्तमानपत्राच्या दोन थरांमध्ये ठेवा आणि वरची मोकळी जागा चिवड्याने भरा म्हणजे डबा हलला तरी तुकडे होत नाहीत, लाडू मात्र वेगळ्या डब्यात घट्ट बसवा नाहीतर आईने एवढ्या मायेने वळलेल्या लाडवांचा भुगा होतो आणि फार वाईट वाटतं. पूजेची सुक्या खोबऱ्याची वाटी बॅगेत टाकू नका, त्यात तेल असतं म्हणून विमानात चालत नाही. फटाके, फुलबाज्या तर अजिबातच नाही.

हॉटेलच्या रूममध्ये स्मोक डिटेक्टर असतो, त्यामुळे उदबत्ती नको आणि पणती बॅटरीवालीच न्या. उटणं छोट्या पुडीत न्या, अभ्यंगस्नान बाथरूममध्ये मस्त होतं.

तिथली दीपावलीची सुट्टी बऱ्याचदा आपल्या नरक चतुर्दशीला येते, कारण तमिळ लोकांचा मुख्य दिवस तोच. संध्याकाळी लिटल इंडियात सेरंगून रोडवर लायटिंग बघायला जा, पण आजी-आजोबा सोबत असतील तर एमआरटीने (तिथल्या मेट्रोने) लवकर पोचा, नंतर खूप गर्दी होते. भाऊबीजेचा व्हिडिओ कॉल ठरवताना लक्षात ठेवा, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं.