जेएलपीटीची तयारी : अभ्यास भरपूर होतो, तरी निकाल का हुकतो? या चुका टाळा

जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा. तिच्या पाच पातळ्या आहेत: एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड. एन३ ची एक गुणपत्रिका डोळ्यांसमोर आणा. भाषाज्ञान (शब्द आणि व्याकरण) ५२, वाचन ४२, ऐकणं १८. बेरीज ११२. उत्तीर्ण व्हायला १८० पैकी ९५ गुण पुरतात, म्हणजे इथे चांगले सतरा गुण जास्तच आहेत. तरीही निकाल अनुत्तीर्ण. कारण प्रत्येक विभागात ६० पैकी किमान १९ गुण लागतात आणि ऐकण्यात एक गुण कमी पडला.

पहिली चूक इथेच होते. एकूण गुणांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो: एन१ ला १००, एन२ ला ९०, एन३ ला ९५, एन४ ला ९० आणि एन५ ला ८०. विभागवार किमान गुणांकडे मात्र कोणी नीट पाहत नाही. एन१ ते एन३ मध्ये तीन विभाग असतात आणि प्रत्येकात १९ ची अट असते. एन४ आणि एन५ मध्ये भाषाज्ञान आणि वाचन एकत्र धरून १२० पैकी ३८ लागतात आणि ऐकण्यात ६० पैकी १९. त्यामुळे “माझं वाचन पक्कं आहे, ऐकण्याची कसर तिथे भरून काढेन” हा हिशेब या परीक्षेत चालत नाही.

आणखी एक गोष्ट. २०१० मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं, चारच्या पाच पातळ्या झाल्या, आणि तेव्हापासून गुण प्रमाणित पद्धतीने काढले जातात. किती उत्तरं बरोबर आली याची सरळ बेरीज होत नाही, तर कोणत्या प्रश्नांची उत्तरं कशी दिली यावरून गुण ठरतात. सराव परीक्षेत ६० टक्के उत्तरं बरोबर आली म्हणजे १०८ गुण नक्की, असं धरून निश्चिंत होऊ नका.

देवनागरीत उच्चार लिहिण्याची सवय

मराठी विद्यार्थ्यांसाठी ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते, म्हणून इथे जरा थांबते. हिरागाना (जपानीची मूळ अक्षरमाला) यायला लागल्यावरही कितीतरी जण शब्दांची वही देवनागरीत लिहितात. लिहायला सोपं जातं, वाचायलाही पटकन जमतं. पण मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांना ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही आणि जपानीत तो आहे. ‘कोको’ म्हणजे इथे. ‘कोऽकोऽ’ म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. वहीत दोन्ही ‘कोको’ असंच उतरतं. इथे लांबण दाखवायला मी अवग्रह वापरला आहे, वहीत तो कोणीच वापरत नाही. आपण सहज ‘टोकियो’ म्हणतो, पण मूळ शब्दात दोन्ही ‘ओ’ लांब आहेत: तोऽक्योऽ.

परीक्षेत कांजीचं (चिनी लिपीतून आलेल्या चिन्हाचं) वाचन, म्हणजे उच्चार, विचारतात तेव्हा पर्याय नेमके असेच असतात: कोको, कोऽको, कोकोऽ, कोऽकोऽ. अर्थ माहीत असतो, कांजी ओळखीची असते, तरी उत्तर चुकतं, कारण वहीतून शिकताना लांबी कानावर कधी आलेलीच नसते. ऐकण्यातही हेच होतं. ‘ब्योऽइन’ म्हणजे रुग्णालय आणि ‘बियोऽइन’ म्हणजे ब्यूटी पार्लर. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी.

उपाय सरळ आहे. हिरागाना आणि काताकाना (परकीय शब्दांसाठीची अक्षरमाला) आल्यावर वहीतून देवनागरी काढून टाका आणि प्रत्येक नवा शब्द म्हणताना टाळीच्या ठेक्यावर मोजा. ‘कोको’ला दोन टाळ्या, ‘कोऽकोऽ’ला चार. जोडाक्षरांचं मात्र आपल्याला वरदान आहे. ‘किते’ (ये) आणि ‘कित्ते’ (टपाल तिकीट) हा फरक मराठी कानाला लगेच कळतो, कारण पक्का, पत्ता, हट्ट हे शब्द आपण लहानपणापासून बोलतो.

मराठी मदत करते, आणि नेमकी तिथेच फसवते

जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नामाला मागून प्रत्यय लागतो. आपल्यासारखंच. ‘मला सुशी आवडते’ या वाक्यात आवडणारी वस्तू प्रथमेत असते, जपानीतही तिथे कर्माचा ‘ओ’ न येता कर्त्याचा ‘गा’ येतो: सुशी गा सुकि देसु. त्यामुळे सुरुवातीला सगळं भराभर समजतं आणि आपण प्रत्ययाला प्रत्यय जोडून मोकळे होतो. तिथून चुका सुरू होतात.

‘ग्रंथालयात पुस्तक आहे’ आणि ‘ग्रंथालयात पुस्तक वाचतो’, दोन्हीकडे मराठीत ‘-त’. जपानीत पहिल्याला ‘नि’ आणि दुसऱ्याला ‘दे’: तोशोकान नि होन गा आरिमासु, तोशोकान दे होन ओ योमिमासु. असणं असेल तिथे ‘नि’, काही घडत असेल तिथे ‘दे’. नियम एका ओळीत मावतो, पण जोड्या करून मोठ्याने म्हटल्याशिवाय तो हातात बसत नाही.

‘येणं’ आणखी फसवं. कोणी विचारलं, “उद्या आमच्या घरी येणार का?” तर आपण म्हणतो, “हो, येते.” जपानीत उत्तर असतं ‘हाय, इकिमासु’, म्हणजे शब्दशः ‘जाते’. बोलणारा स्वतः आत्ता जिथे आहे तिथून तो निघणार आहे, म्हणून ‘जाणं’. ऐकण्याच्या भागात अशी एका वाक्याची देवघेव येते, आणि मराठीत विचार करणारा ‘किमासु’वर (येते) खूण करून मोकळा होतो.

आणि देणं-घेणं. “पुस्तक वाचायला दिलं” हे वाक्य मी दिलं तरी तेच आणि मला दिलं तरी तेच. कोणी कोणाला दिलं हे मराठीत ‘मी’ आणि ‘मला’ सांगतात. जपानीत ते शब्द बहुतेक वेळा गळतात आणि सगळा भार क्रियापदावर येतो. ‘काशिते आगेमाशिता’ म्हणजे मी दिलं. ‘काशिते कुरेमाशिता’ म्हणजे मला दिलं. ‘काशिते मोराइमाशिता’ म्हणजे मी त्याच्याकडून घेतलं. एन४ पासून पुढे वाचन आणि ऐकणं दोन्हीकडे हे पुन्हा पुन्हा भेटतं. संवाद वाचताना प्रत्येक ‘कुरेरु’पाशी (‘कुरेमाशिता’चं मूळ रूप) थांबून स्वतःला विचारा: वस्तू किंवा मदत कोणाकडून कोणाकडे गेली? पंधरा दिवस हे केलं की विचारावं लागत नाही.

ऐकण्याचा सराव शेवटच्या महिन्यावर टाकणं

वरच्या गुणपत्रिकेतले ते १८ गुण इथून येतात. ध्वनिफीत एकदाच वाजते. काही प्रश्नप्रकारांत पर्याय छापलेले असतात, काहींत कागदावर काहीच नसतं. गोषवारा विचारणाऱ्या ‘गाइयोऽ रिकाइ’मध्ये तर प्रश्नसुद्धा बोलणं संपल्यावर येतो.

आता एक नमुना बघा. ऑफिसमधली बाई एका सहकाऱ्याला म्हणते, “काइगि नो शिर्योऽ, कोपीऽ शिते ओइते.” बैठकीच्या कागदांच्या प्रती काढून ठेव. लगेच पुढे, “आ, सोनो माए नि, काइगिशित्सु ओ योयाकु शिते.” त्याआधी बैठकीची खोली आरक्षित कर. तो म्हणतो, “सोरे वा मोऽ शिमाशिता.” ते आधीच केलंय. प्रश्न: तो आता काय करणार? पर्यायांत प्रतीही असतात, खोलीही असते. शब्द सगळे ऐकू आले, तरी ‘सोनो माए नि’ आणि ‘मोऽ’ हे दोन छोटे तुकडे निसटले की उत्तर गेलं. नुसते ओळखीचे शब्द टिपणाऱ्याला असा प्रश्न सुटत नाही. बोलणं कुठे वळलं ते पकडावं लागतं.

रोज दोन-तीन मिनिटांची एकच फीत घ्या. आधी मजकूर न बघता दोनदा ऐका आणि ऐकलं ते लिहा. मग मजकूर बघून प्रत्येक सुटलेल्या जागेचं कारण शोधा. शब्दच माहीत नव्हता, की माहीत असून बोलण्यात त्याचं रूप बदललं? ‘शिते ओकु’चं (करून ठेवणं) बोलण्यात ‘शितोकु’ होतं, ‘शिते शिमाउ’चं (करून टाकणं) ‘शिच्याउ’, ‘शिनाकेरेबा’चं (केलंच पाहिजे) ‘शिनाक्या’. व्याकरणाच्या पुस्तकात ही रूपं एका तळटीपेत असतात आणि संवादात दर दुसऱ्या वाक्यात. शेवटी फितीच्या पाठोपाठ मोठ्याने म्हणा. वेग कमी करून ऐकणं शिकताना ठीक आहे, पण दिवसाचं शेवटचं ऐकणं मूळ वेगातच हवं.

मराठी किंवा इंग्रजी सबटायटल लावून ॲनिमे बघण्याला ऐकण्याचा सराव समजू नका. तेव्हा डोळे वाचत असतात, कान सुट्टीवर जातात. आवड म्हणून जरूर बघा.

कांजी सुटी पाठ करणं

जन्म-जीवन या अर्थाची एक कांजी आहे. ‘गाकुसेइ’त (विद्यार्थी) ती ‘सेइ’, ‘इश्शोऽ’त (आयुष्यभर) ‘शोऽ’, ‘इकिरु’त (जगणं) ‘इ’, ‘उमारेरु’त (जन्मणं) ‘उ’ आणि एकटी आली की ‘नामा’, म्हणजे कच्चं. ही सगळी वाचनं यादी करून पाठ केली तर शब्दात कुठलं लागेल ते कळत नाही. शब्द पाठ करा, वाचनं आपोआप बसतात. रोज वीस सुट्या कांजींपेक्षा वाक्यासकट दहा शब्द जास्त दिवस टिकतात.

‘एन३ ला इतक्या कांजी, एन२ ला इतके शब्द’ हे आकडे अंदाज आहेत. २०१० पासून आयोजक अधिकृत यादी प्रसिद्ध करत नाहीत. यादी संपवली म्हणून तयारी झाली, असं समजू नका.

वाचनात वेळ कुठे जातो

एन२ ला भाषाज्ञान आणि वाचन मिळून १०५ मिनिटं असतात, एन१ ला ११०. शब्द आणि व्याकरण आधी येतं, तिथे माणूस रेंगाळतो आणि शेवटचे दोन उतारे न वाचताच गोळे काळे करावे लागतात. शब्द-व्याकरणाच्या प्रश्नात विचार करून फारसं काही निघत नाही, येत असेल तर येतं. एन२ ला तो भाग ३५ मिनिटांत संपवायचा, असं घड्याळ लावून ठरवा. एन३ ला शब्दांची ३० मिनिटं वेगळी असतात, पण व्याकरण आणि वाचनाची ७० मिनिटं एकत्रच असतात, म्हणजे तिथेही हाच धोका.

सगळ्यात शेवटी ‘जोऽहोऽ केनसाकु’ असतं: एखादी सूचना किंवा जाहिरात आणि त्यावर प्रश्न. वेळेच्या मानाने हे प्रश्न हाताला लवकर लागतात, म्हणून वाचनाला सुरुवात करतानाच ते उरकून घ्यावेत असं माझं मत आहे. मात्र तक्त्याखालच्या बारीक टिपा वाचा. ‘तादाशि’ (परंतु) दिसलं की तिथे बहुधा उत्तर असतं: मुलांना अर्धं शुल्क, परंतु शनिवार-रविवारी सवलत नाही.

वाक्य जुळवायच्या प्रश्नात चार जागा असतात आणि एका जागेवर तारा; उत्तर त्या ताऱ्याच्या जागेचं द्यायचं असतं. क्रम अचूक लावून उत्तरपत्रिकेवर पहिल्या जागेचा आकडा भरणारे दर परीक्षेत सापडतील. क्रम कागदावर लिहा, ताऱ्याखालचा आकडा गोल करा, मगच भरा.

सराव परीक्षा तुकड्यातुकड्याने सोडवणं

आयोजकांनी २०१२ आणि २०१८ मध्ये काढलेले नमुना प्रश्नसंच अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते पहिल्याच आठवड्यात संपवू नका. एक आत्ता, आपण कुठे आहोत ते बघायला. दुसरा परीक्षेच्या तीन-चार आठवडे आधी, एका बैठकीत, घड्याळ लावून, पेन्सिलने गोळे भरत. एन४ आणि एन५ ची वेळ २०२० मध्ये कमी झाली, त्यामुळे जुन्या संचावरची मिनिटं तशीच धरू नका.

चुकलेल्या प्रश्नासमोर कारण लिहा: येत नव्हतं, येत होतं पण गोंधळ झाला, वेळ संपली, ऐकू आलं नाही. पानाच्या शेवटी कोणतं कारण जास्त वेळा आलं ते दिसतं आणि पुढच्या आठवड्याचा अभ्यास त्यावरून ठरतो.

परीक्षेच्या दिवशी

एचबी पेन्सिली दोन-तीन आणि चांगलं खोडरबर. साधं काट्याचं मनगटी घड्याळ, स्मार्टवॉच नको. फोन बंद म्हणजे पूर्ण बंद, गजरही काढलेला, कारण परीक्षा चालू असताना फोन वाजला तर परीक्षा तिथेच रद्द होते. गोळे भरायला शेवटी वेगळा वेळ मिळत नाही, म्हणून प्रश्नागणिक भरा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही ओळ कोरी ठेवू नका. ऐकताना एखादा प्रश्न हुकला तर कोणताही गोळा भरून पुढच्या प्रश्नाला कान द्या. गेलेल्याचा विचार करत बसलात की पाठोपाठचे दोन जातात.

आणि नाही जमलं तर

गुणपत्रिका मिटून ठेवू नका. गुणांच्या खाली अ, ब, क सारखी ए, बी, सी अक्षरं असतात. ए म्हणजे त्या भागात ६७ टक्के किंवा जास्त उत्तरं बरोबर, बी म्हणजे ३४ ते ६६ टक्के, सी म्हणजे ३४ पेक्षा कमी. एन१ ते एन३ ला ती शब्द आणि व्याकरण यांची वेगवेगळी मिळतात, एन४ आणि एन५ ला वाचनाचंही मिळतं. शब्दांना ए, व्याकरणाला ए आणि तरी वाचनात गुण कमी असतील तर नवं पुस्तक घेऊ नका, वेळ लावून रोज एक उतारा वाचा. व्याकरणाला सी असेल तर एक पातळी खालचं व्याकरण पुन्हा उघडा, खिंडार बहुतेक तिथेच असतं. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, काही देशांत वर्षातून एकदाच, आणि अर्ज काही महिने आधी सुरू होतात. तेव्हा निकाल हातात आला की आधी पुढची तारीख बघा, आणि त्याच संध्याकाळी ऐकण्याची दोन मिनिटांची फीत लावा.