सातवीची ताई, दुसरीचा जोडीदार: मोठ्या मुलांना लहानांसोबत बसायला कसं तयार करावं

5 सप्टेंबरला आमच्या शाळेत स्वयंशासन दिन असतो. सातवीच्या मुली आईच्या साड्या नेसून येतात, मुलं शर्ट खोचून येतात आणि एका दिवसापुरते सगळे ‘सर’ आणि ‘मॅडम’ होतात. एका वर्षी मी व्हरांड्यात उभा राहून दुसरीच्या वर्गात चाललेलं शिकवणं ऐकत होतो. ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ ‘ए, तू उभा राहा!’ मग टेबलावर पट्टी आपटल्याचा आवाज. वीस मिनिटांत एकाही लेकराच्या पदरात एक अक्षर पडलं नाही. पोरं आमचीच नक्कल करत होती, आणि नक्कल हुबेहूब होती.

मोठ्या मुलाला काही न शिकवता लहानांवर नेमलं की तो मॉनिटर होतो. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो, मित्राचं नाव पुसतो, नावडत्याच्या नावापुढं फुल्या मारतो. मला मॉनिटर नको होता, ताई-दादा हवे होते. ते कसे तयार करायचे, हे दोन-तीन वर्षं चुका करत शिकलो. पुढचं सगळं पहिली ते सातवीच्या जिल्हा परिषद शाळेतलं आहे. हायस्कूलला, वसतिगृहाला किंवा वस्तीवरच्या अभ्यासिकेला ते थोडा फेरफार करून लागू पडेल.

आधी काम ठरवा, आणि छोटं ठरवा

‘नेतृत्वगुण विकसित करणे’ असं उद्दिष्ट टाचणवहीत, म्हणजे पाठ-नियोजनाच्या वहीत, लिहिलंत तर ते टाचणवहीतच राहील. आम्ही एवढंच ठरवलं: आठवड्यातले तीन दिवस, परिपाठ झाल्यावर वीस मिनिटं, सहावी-सातवीतल्या एका मुलानं दुसरी-तिसरीतल्या एका मुलाजवळ बसायचं, त्याचं वाचन ऐकायचं आणि थोडा अंकांचा सराव घ्यायचा. खिचडीनंतरची वेळ घेऊ नका. पोटं भरलेली असतात, डोळे मिटायला लागतात.

नवीन काही शिकवणं हे मोठ्या मुलांचं काम नाही. ते बाईंचं आणि सरांचं. द्विशिक्षकी शाळेत ही रेघ पुसायचा मोह फार होतो, मलाही झालाय. एक जण केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मीटिंगला गेला की ‘सातवीतल्या दोघींना पाठव पहिलीवर’ हे तोंडून निघतंच. हा मोह जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोरमधल्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवायला सुरुवात केली. वाळूत अक्षरं गिरवायची रीत त्यांनी तिथल्या देशी शाळेतून उचलली होती, म्हणजे आपल्या पंतोजींची धूळपाटीच. पुढं लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी एका मास्तरामागे शेकडो मुलं बसवली. काम स्वस्तात झालं, पण घोकंपट्टीच्या पुढं फारसं सरकलं नाही. 1846 पासून तिकडच्या सरकारनं तेरा वर्षांच्या मुलांना पाच वर्षांची रीतसर उमेदवारी देऊन शिक्षक म्हणून तयार करायला घेतलं. मास्तरांची कमतरता भरून काढायला मुलं वापरली की काय होतं, ते असं पाहून झालेलं आहे.

फक्त पहिल्या नंबरातली मुलं निवडू नका

पहिल्या वर्षी मी तेच केलं. सातवीतली सर्वांत हुशार मुलगी दुसरीतल्या एका मुलाला दिली. महिन्यानं त्याची वही पाहिली तर टपोरं, वळणदार अक्षर, एक खाडाखोड नाही. वही त्याची होती आणि अक्षर तिचं होतं. तो अडला की ती पेन्सिल ओढून घ्यायची आणि लिहून मोकळी व्हायची. तिचं तरी काय चुकलं? तिला कधी अडायलाच झालं नव्हतं, मग अडणं म्हणजे काय हे तिला कुठून कळणार?

त्यानंतर मी वेगळी मुलं शोधायला लागलो. तिसरीत असताना जोडाक्षरांशी झगडलेली, घरी धाकट्या भावंडाला सांभाळणारी, खिचडीच्या रांगेत लहानाला पुढं घेणारी. ही मुलं वर्गात सापडत नाहीत, मैदानावर आणि नळाजवळ सापडतात. एखादा खोडकर मुलगा मुद्दाम घ्या, पण एकच. दोघं घेतलेत तर ते एकमेकांनाच सांभाळत बसतात. मतदान मात्र घेऊ नका. मतदानात भावकी जिंकते.

जोड्या लावताना आधी प्रत्येक लहान मुलाची पातळी पाहून ठेवा: अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट. अगदी अक्षरावरच अडलेलं मूल मोठ्यांकडे देऊ नका, ते बाईंनी स्वतःकडे ठेवावं. बाकीच्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि मोठ्यांना एकेक उचलू द्या. फक्त पहिलं नाव लिहायचं, आडनाव नाही. कुणी कुणाशेजारी बसायचं याची गणितं गावात कशावरून मांडली जातात हे आपल्याला माहीत असतं. चिठ्ठीपुढं ती गणितं चालत नाहीत.

‘आमच्या पोराचा अभ्यास बुडतो’ असं सांगत एखादे पालक येणारच. त्यांना आधी हिशेब सांगा, आठवड्याला एक तास. मग हेही सांगा की 1982 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा 65 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तर शिकवणाऱ्या मुलांचीही प्रगती झालेली दिसली, वाचनापेक्षा गणितात जास्त. अपूर्णांक दुसऱ्याला समजावून सांगावा लागला की स्वतःला न समजलेला भाग लपवता येत नाही.

चार बैठका

घाई करू नका. जोड्या लावण्याआधी मोठ्यांच्या चार बैठका घ्या, प्रत्येकी एका तासिकेची.

पहिल्या बैठकीत मी त्यांच्या हातात मोडीतला कागद देतो. गावात कुणाच्या तरी ट्रंकेत जुनं खरेदीखत असतंच, त्याची झेरॉक्स पुरते. ‘वाचा.’ मुलं आधी हसतात, मग गप्प होतात. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, एखादं अक्षर ओळखीचं वाटतं आणि नेमकं तेच भलतं निघतं. अशा वेळी मी मुद्दाम घाई करतो: ‘चल लवकर, सोपं तर आहे! एवढं येत नाही?’ पाच मिनिटांनी विचारतो, कसं वाटलं? एका मुलानं सांगितलं होतं, ‘सर, तुम्ही बोलायला लागल्यावर जे दिसत होतं तेही दिसेनासं झालं.’ पुढच्या तीन बैठकांत मी जे सांगणार होतो त्यातलं निम्मं त्यानं तिथंच सांगून टाकलं. मोडी नसेल तर डाव्या हातानं पाच ओळी शुद्धलेखन लिहायला लावा. तेवढा परिणाम होत नाही, पण चालतं.

दुसरी बैठक थांबण्याची. माझ्या मते सगळं प्रशिक्षण इथंच आहे, आणि एकाच बैठकीला जास्त वेळ देता येणार असेल तर या बैठकीला द्या. लहान मूल अडलं की मनात दहापर्यंत मोजायचं, पेन्सिलीला हात लावायचा नाही, आणि मग पहिलं वाक्य ‘चुकलं’ हे नसावं. ‘कसं केलंस, सांग बरं’ हे असावं. नुसतं सांगून हे मुलांच्या अंगवळणी पडत नाही, म्हणून नाटक करतो. एक मुलगा दुसरीतलं पोर होतो, एक मुलगी ताई.

मी सांगतो, ‘पस्तीस लिही.’ पोर झालेला मुलगा 53 लिहितो. ताईचा हात लगेच खोडरबराकडं जातो. थांब. दहा मोज. आता विचार.

‘कसं लिहिलंस रे?’

‘पस् आधी ऐकू येतं ना, म्हणून पाच आधी लिहिला.’

हे ऐकल्यावर बसलेल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पोर मठ्ठ नाही, कानाशी प्रामाणिक आहे. मराठी संख्यानामांत एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी लिहायचा असतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘तीस पाच’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता, त्याचं मूळ हेच. आता ताईनं काय करायचं? दशकाचे तीन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या पोरापुढं ठेवायच्या आणि त्यालाच मोजू द्यायचं. काड्या नसतील तर चिंचोके घ्या. नाटकात पोर झालेली मुलं फार मनापासून चुकतात. त्यांना तशी मोकळीक कुणी दिलेली नसते.

तिसरी बैठक वाचनाची आणि कौतुकाची. चुकलेल्या प्रत्येक शब्दाला टोकायचं नाही. अर्थ बिघडला तरच थांबवायचं आणि ती ओळ पुन्हा वाचायला सांगायची. रफाराची अडचण हमखास येते. ‘सर्प’ वाचताना पोर ‘स-प-र’ असं काही तरी करतं, कारण रफार दिसतो ‘प’च्या डोक्यावर आणि उच्चारायचा असतो ‘प’च्या आधी. हे मोठ्या मुलांनाही आपण कधी फोडून सांगितलेलं नसतं, त्यांना नुसतं सवयीनं येतं. कौतुकाचं म्हणाल तर नुसत्या ‘शाब्बास’वर भागवू नका. ‘तिथं अडलास, शब्द फोडलास आणि मग वाचलास’ असं नेमकं सांगायला शिकवा. टाळ्या वाजवायला मोठ्यांना फार आवडतं. दिवसाला एकदाच वाजवा म्हणावं.

चौथ्या बैठकीत मर्यादा सांगतो, आणि इथं मी गंमत करत नाही. मारायचं नाही, कान पिळायचा नाही, उठाबशा नाहीत, चिडवणं नाही, ‘ढ’ म्हणायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षकालाही बंद आहे, तर दादाला कुठून असेल? लहानानं काही जड सांगितलं, घरी मार बसतो, कुणी त्रास देतं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. ‘मी बाईंना सांगते, त्या मदत करतील’ म्हणायचं आणि त्याच दिवशी सांगायचं. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक मी व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवून घेतलाय. जोड्या बसतात त्याही सगळ्यांना दिसतील अशाच, व्हरांड्यात किंवा झाडाखाली. बंद खोलीत कधीच नाही.

पहिले पंधरा दिवस

वीस मिनिटांचा साचा ठरवून द्या, नाही तर पहिली दहा मिनिटं पट्टी शोधण्यात जातात. तीन मिनिटं गप्पा (म्हैस व्याली का, मामा आला का), दहा मिनिटं वाचन, पाच मिनिटं अंक, दोन मिनिटं नोंद. नोंद तीन ओळींची: आज काय वाचलं, कुठं अडलं, उद्या काय. या वह्यांतून मला जेवढं कळलं तेवढं चाचण्यांतून कळलं नाही. ‘उद्या काय’समोर एकीनं लिहिलं होतं, ‘त्याला चष्मा लागतो का बघा.’ लागत होता.

या काळात शिक्षकाचं काम अवघड आहे: लांब राहणं. जोडीत काही चुकीचं चाललेलं ऐकू आलं तरी मधे पडू नका, कागदावर टिपून ठेवा आणि नंतर मोठ्याला एकट्याला सांगा. लहानासमोर त्याला बोललात तर तो दादा उरत नाही. मारहाण, चिडवणं असलं काही दिसलं तर मात्र तिथल्या तिथं थांबवा.

दोन आठवड्यांनी उत्साह ओसरतो, आणि तक्रारी सुरू होतात. ‘सर, माझा ऐकतच नाही.’ ‘सर, मला बदलून द्या.’ महिनाभर बदलून देऊ नका. त्यानंतरही जमलं नाही तर मुकाट्यानं बदला, कुणाची चूक ते शोधत बसू नका.

शनिवारची बैठक

शनिवारी सकाळची शाळा असते. सुटायच्या आधी वीस मिनिटं सगळे दादा-ताई गोल करून बसतात. एकच प्रश्न: या आठवड्यात कुठं अडलात? उत्तर मी देत नाही, दुसऱ्या मुलांकडून घेतो. इथंच ती एकमेकांना चाली सांगतात. ‘माझी बोलतच नव्हती, मग मी तिला माझं पुस्तक धरायला दिलं.’ असली युक्ती मला सुचली नसती.

पुढारपण यातूनच हळूहळू वाढवायचं. दिवाळीपर्यंत एकच मूल. दिवाळीनंतर ज्यांना जमतंय त्यांना चौघांचा गट, मग मैदानावर लहानांचा खेळ घेणं, मग बालसभेत लहानांचं म्हणणं मांडणं. सगळ्यांना सगळं द्यायची गरज नाही. एकाजवळ नीट बसता येणाऱ्या पण चौघांपुढं गोंधळून जाणाऱ्या मुलीला एकाजवळच राहू द्या. बिल्ले, टोप्या, ‘उत्कृष्ट दादा’ पुरस्कार यांच्या मी विरुद्ध आहे. आम्ही एकदा बिल्ले दिले, तर आठवड्यात बिल्ला नसलेल्यांवर दादागिरी सुरू झाली. बिल्ले गोळा केले, अजून कपाटात आहेत.

मार्चमध्ये सूत्रं द्यायची

सातवीची मुलं जूनमध्ये हायस्कूलला जातात, आणि मग दरवर्षी श्रीगणेशापासून सुरुवात होते. हे टाळायचं तर परीक्षेआधी दोन आठवडे सहावीतल्या नव्या मुलांना जोडीच्या मागं बसवा. पहिला आठवडा नुसतं बघायचं, बोलायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात नवा पुढं आणि जुना मागं. जुना मधे बोलला तर त्याला मनात दहापर्यंत मोजायला सांगा, त्याला ते पाठ असतं. जुन्याची नोंदवही नव्याच्या हातात द्या. पहिल्या पानावर कुठं अडलं होतं आणि शेवटच्या पानावर कुठं अडतंय, एवढं नव्यानं वाचून यायचं. जूनमध्ये चिठ्ठ्यांचा डबा पुन्हा काढायचा. मोडीची झेरॉक्स मात्र नवी आणा, जुनीतली पहिली ओळ तोवर सगळ्या शाळेला पाठ झालेली असते.